ज्या दिवशी टोयोटा बंद पडेल

हॅलो?

… हॅलो, कोण? रेखा? अगं, चारसुद्धा नाही वाजले. सहाच्या आधी एडिनबराहून फोन, एवढ्या महाग वेळेला? मंजिरी बरी आहे ना?

… हं. … हं. … बरं बाई. मला वाटलं, लग्न परवावर आलं आणि नवरीला ताप भरला की काय.

… मी? मी चिवडा भरतेय डब्यांत. पातळ पोहे नाही मिळाले गं, जाड्यांचाच केला, पण जमलाय. लाडू झाले. रुखवताचं सगळं खोक्यात बांधून हॉलमध्ये ठेवलंय, येता-जाता पायात येतं.

… उद्या पहाटे. हे म्हणतायत पाचला निघू, म्हणजे दुपारच्या चहाला तुझ्याकडे.

… हो, हेच चालवणार. दुसरं कोण चालवणार?

… आहेत ना. बाहेर ड्राइव्हवेवर. विंडस्क्रीन पुसतायत. … सकाळपासून तिसऱ्यांदा. बोलावू का? … नको? … का गं नको?

… थांब जरा, फोन खिडकीपाशी घेते. वायर पुरते इथवर. हं. आता मला ते दिसतायत आणि त्यांना मी ऐकू जात नाही. बोल.

… गाडी? कसली गाडी? … अच्छा. भाड्याची. ड्रायव्हरसकट. … नवरीला घरून हॉलवर न्यायला.

… अगं, मी कशाला रागावू?

… ते रागावतील, ते वेगळं. सांगितलंस का त्यांना? … मी सांगू? रेखा, भाऊ तुझा आहे.

… हो, नवरा माझा आहे. पण भाऊ तुझा आधीपासून आहे.

… ऐक ना. ऐक. त्यांनी पांढरी रिबीन आणलीय बॉनेटला बांधायला. सॅटिनची. इथे मंडळात सगळ्यांना सांगून झालंय, भाचीला लग्नाच्या हॉलवर मामाच्या टोयोटातून नेणार. चौदा वर्षांची गाडी आहे, बघा म्हणतात कशी जाते. गाडीबद्दल इतकं सांगतात की लोकांना वाटतं लग्न तिचंच आहे.

… नाही, हसू नकोस. बरं, हस. मीपण हसले होते आधी.

… काय? … डोळे?

… हं.

… कशावरून विचारतेस?

… ईस्टरला. … हो, तू पुढे बसली होतीस, मी मागे. … तुलाही कळलं होतं तर. मग बोलली का नाहीस? … हो, मीही नाही बोलले. आपण दोघी हवेबद्दल बोलत होतो. मला आठवतंय, क्रॉयडनपासून इथे रीडिंगपर्यंत आपण फक्त हवेबद्दल बोललो.

… खूप. ईस्टरपेक्षा खूपच बिघडलेत.

… म्हणजे असं की मागच्या महिन्यात त्यांनी गाडी त्या पलीकडच्या वॉटसनबाईंच्या ड्राइव्हवेत नेऊन लावली. उतरले, घराच्या दाराला किल्ली लावली, लागेना. मग कुलपात तेल घालायला आमच्याकडून तेल न्यायला आले. … हो, चालत. तेव्हा घर बरोबर सापडलं. मला म्हणाले, आपलं कुलूप बिघडलंय. मी म्हटलं, हो का.

… काय सांगणार, म्हटलं हो का. आणि मला विचारलं, आपले गुलाब कुणी छाटले. मी म्हटलं, मीच.

… आणि धुकं. हल्ली इंग्लंडात धुकं फार वाढलंय. ऑगस्टात. दुपारी. कौन्सिलने काहीतरी केलं पाहिजे म्हणतात. म्हणून तर ते विंडस्क्रीन पुसत असतात सारखे. वायपर दोनदा बदलले. … नाही, चष्म्याला हात लावत नाहीत. चष्म्याचा दोष नाही म्हणतात, काचेचा आहे. टोयोटाचा तर नाहीच नाही, खराब आहेत ती वर बसवलेली इंग्लिश वायपरची रबरं.

… सगळं हसण्यावारी नेता येत नाही गं. जुलैत, शाळा सुटायच्या आधीच्या आठवड्यात… ती शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई असते ना, पिवळा कोट, हातात गोल पाटी… हो, लॉलिपॉप लेडी. ती रस्त्याच्या मध्यात उभी होती. मध्यात, रेखा. पिवळीधमक. आणि हे मला सांगत होते की गाडीचा आवाज ऐक, चौदा वर्षांनी कसा आहे.

… मी ओरडले. म्हणून ब्रेक लागला. ब्रेक काय, उत्तमच आहेत. बाईच्या पाटीपाशी येऊन थांबली गाडी. मागे दोन मुलं होती एकमेकांचा हात धरून.

… नाही, कुणाला काही नाही झालं. बाई काहीतरी बोलली, ह्यांनी सॉरी म्हटलं. घरी आल्यावर म्हणाले, बघितलंस ब्रेक?

… मला भीती वाटते. हो. सांगतेय ना, भीती वाटते. त्या दिवसापासून मी जिथे जातील तिथे बरोबर जाते. लायब्ररीत जाते, पोस्टात जाते. डावीकडे बसून बोलत राहते, समोर सायकल आहे हं, दिवा लाल झाला हं, असं, गप्पा मारल्यासारखं. त्यांना वाटतं म्हातारपणी बायकोला प्रेमाचं भरतं आलंय.

… सांगून बघितलं. डोळे तपासून घ्या म्हटलं. तर म्हणाले, डॉक्टर कोण आहे या घरात. तीस वर्षं लोकांना तपासलं, पण हे कधी कुणाकडे तपासून घ्यायला गेलेत? … आणि मग ती प्रतिज्ञा.

… तुला माहीत नाही? दिवाळीला मंडळात, पन्नास माणसांसमोर. कुणीतरी सहज म्हणालं, डॉक्टर, आता गाडी चालवणं कमी करा. हे उभे राहिले. म्हणाले, ज्या दिवशी माझी टोयोटा मला रस्त्यात उभं करेल, त्या दिवशी किल्ली सुप्रभाच्या हातात. त्याआधी नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

… मीही वाजवल्या. मला वाटलं, गाडी चौदा वर्षांची आहे, किती दिवस चालेल?

… हेच ना. मला कुठे माहीत होतं ती बंदच पडत नाही.

… अगं, एकदा नाही. चौदा वर्षांत एकदासुद्धा नाही. आधीची आठवते ना, ती इंग्लिश गाडी? नाव नको घ्यायला. तिच्यापायी मोटरवेच्या कडेचा प्रत्येक हार्ड शोल्डर माझ्या ओळखीचा झाला होता. थर्मासात चहा घेऊन निघायचो, कारण थांबावं लागणारच. धीर शिकायला उत्तम गाडी. एक माणूस तिच्या भरवशावर कधीच म्हणाला नसता, बंद पडेल तेव्हा सोडीन. पहिल्या सोमवारीच सुटलं असतं.

… प्रयत्न? बरेच केले. हळू बोलते, थांब. … फेब्रुवारीत बर्फ होतं तेव्हा रात्रभर दिवे चालू ठेवले तिचे. मुद्दाम. सकाळी उठून मी शांतपणे टोस्ट करत बसले. बाहेरून आवाज आला, पहिल्या झटक्यात चालू. हे आत येऊन मला म्हणाले, दिवे राहिले होते गं रात्रभर, तरी बघ. आठवडाभर ज्याला त्याला तेच सांगत होते. मीच जाहिरात केली म्हणायची.

… मग गॅरेजवाल्या केनला जाऊन भेटले. म्हटलं, या वर्षी एमओटीच्या तपासणीत नापास कर रे बाबा. तो म्हणाला, मिसेस डॉक्टर, कशावर करू? कागदावर काहीतरी कारण लिहावं लागतं. तिच्याभोवती दोन चकरा मारल्या त्याने, खाली वाकून बघितलं, खरंच मनापासून शोधलं बिचाऱ्याने. शेवटी म्हणाला, ॲश-ट्रेचं झाकण सैल आहे, पण त्यावर नापास करता येत नाही.

… गंमत बघ ना. गाडीची दरवर्षी तपासणी होते. माणसाची नाही.

… शेवटी नवस बोलले. … हो, गणपतीला. गाडी बंद पडू दे, एकवीस मोदक करीन. … अगं, मला माहीत आहे कुणी असला नवस बोलत नाही. गणपतीलाही बहुतेक दोनदा ऐकावं लागलं असेल. लोक गाडी सुरू व्हावी म्हणून नारळ फोडतात. ह्यांनी तर चौदा वर्षांपूर्वी तिची पूजा केलेली, चाकाखाली लिंबं ठेवून. आता पहिली पूजा लागू धरायची की माझा नवस, त्याच्यापुढेही प्रश्नच.

… हं. … हं. … नाही गं, हट्टी आहेत पण त्यामागे काहीतरी आहे. नुसती गाडी नाहीये ती. तू इतक्या लांब, तुला ते लेक्चर पूर्ण ऐकायला मिळालेलं नाही. गेल्या रविवारी समोरचा अतुल चहाला आला होता. सॉफ्टवेअरवाला, नवीनच लग्न झालंय. तो विचारून बसला, काका, कुठली गाडी घेऊ. झालं. चहा दोनदा गरम केला मी.

… सांगते की. पाठ आहे मला. म्हणे टोयोटा आधी गाड्या करतच नव्हते. माग करायचे. कापड विणायचे माग. जपानात एका सुताराचा मुलगा होता, त्याने आईला मागावर राबताना बघितलं आणि तिचे कष्ट कमी व्हावेत म्हणून माग सुधारायला घेतला. … हो ना, इथे ह्यांचा आवाज जरा खाली येतो. दरवेळी इथेच येतो. … अण्णांमुळेच. दुसरं काय. सोलापूरच्या गिरणीत तुमच्या अण्णांचं आयुष्य मागांपाशी गेलं ना.

… हं. तुला कशाला आठवेल, तू लहान होतीस. ह्यांना आठवतं. डबा घेऊन जायचे गिरणीत, तर अण्णा मागांमधून धावत असायचे. धागा तुटला तरी माग थांबायचा नाही, आपला खडखडत चालूच, सगळं कापड वाया. माणसाने बघायचं, माणसाने धावत जाऊन थांबवायचं. नजर जराही हलवायची नाही. अण्णांचे डोळे त्यातच गेले, म्हणतात.

… हो. स्वतः म्हणतात. स्वतःच्या तोंडाने. आणि मग विंडस्क्रीन पुसायला जातात.

… तर त्या जपान्याने असा माग केला की धागा तुटला की तो आपला आपण थांबतो. कुणी बघायला नको, धावायला नको. थांबतो म्हणजे थांबतो, खराब कापड विणतच नाही. आणि त्या मागाचे हक्क विकत कुणी घेतले? ओल्डहॅमच्या कंपनीने. इथल्या. … हो, तेच ओल्डहॅम. हे एकोणीसशे पासष्टला आले ते ओल्डहॅमच्याच हॉस्पिटलात. तिथे वॉर्डात एक म्हातारा विणकर होता, त्याने सांगितली ह्यांना ही सगळी गोष्ट. इंग्रजांनी जगाला माग शिकवले आणि शेवटी जपानकडून विकत घेतला, असं तो खोकत खोकत सांगायचा. म्हणतात की ते पैसे आले त्यावर त्या जपान्याच्या मुलाने मोटारी करायला घेतल्या.

… नाव नंतर बदललं. घराण्याचं नाव टोयोडा, कंपनीचं टोयोटा. जपानीत लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ शुभ. आपल्याकडे बारशाला आत्या नाव ठेवते, तिथे रेघा मोजून ठेवतात.

… तेव्हा हसायचे ना सगळे. आम्ही एकोणऐंशीला घेतली तेव्हा इथल्या सर्जरीतले, दवाखान्यातले लोक म्हणाले, डॉक्टर, बिस्किटाचा डबा घेतलात. जपानी म्हणजे स्वस्त खेळणं. आता तेच लोक रांगेत उभे. गेल्या वर्षीपासून डर्बीपाशी त्यांचा कारखाना निघालाय, इंग्लिश माणसं जपानी पद्धतीने गाड्या जोडतायत. आणि तिथे म्हणे प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी असते. साधा कामगार असला तरी, काही चुकतंय असं वाटलं की त्याने दोरी ओढायची, सगळी लाइन थांबते. कुणी ओरडत नाही. उलट बरं केलंस म्हणतात.

… मला तशी एक दोरी हवी होती गं गाडीत. डाव्या बाजूला.

… काय? … अतुलने? घेतली ना. इतकं ऐकल्यावर न घेऊन सांगतो कुणाला. आजच आली. दरवर्षी ऑगस्टात नवीन अक्षर लागतं ना नंबर प्लेटला, तेवढ्यासाठी थांबला होता. ह्यांना अजून माहीत नाही. सकाळी हे झोपले होते तेव्हाच मुकाट्याने आणून लावली आणि मला येऊन सांगून गेला, काकू, काकांना बोलू नका, संध्याकाळी सरप्राइज, नारळ त्यांच्याच हातून फोडायचा आहे. नारळही मीच दिलाय, तुझ्या रुखवतातला एक.

… मिळतो गं दुसरा, एडिनबराला काय नारळ नाहीत?

… हं. … हं, खरंय. लग्नाचं बोलू आधी. तर मंजिरीला त्यांच्या गाडीत बसवायचं नाही, हे नक्की. … नको, माझाही जीव नाही धजणार. पण सांगायचं कसं ते…

… नंबर प्लेट? … हो, माहीत आहे. वीस-पंचवीस यार्डांवरून वाचता आली पाहिजे, कायदाच आहे. तुला काय वाटतं, मी बघितलं नसेल? दर रविवारी करते. रस्त्यापलीकडे अतुलच्या ड्राइव्हवेतल्या गाडीचा नंबर विचारते. घडाघडा वाचतात. म्हणून तर माझं तोंड बंद होतं ना.

… एकदाही चुकत नाहीत. … बरं बाई, तुला हवं तर आत्ता विचारते. तू ऐक. खिडकी उघडते.

अहो. … अहो, ऐकलं का? समोरचा नंबर वाचा बरं. … काही नाही, रेखा आहे फोनवर, तिला ऐकायचंय. … हो, रेखा. … हं.

… ऐकलंस? डी चारशे बारा आणि पुढचं सगळं. मान वर केली आणि म्हणून मोकळे झाले, फडकंसुद्धा थांबलं नाही. बरोबर आहे अगदी. मी तुला म्हटलं ना. एक अक्षर…

… 

… रेखा.

… नाही, आहे, आहे मी. थांब जरा.

… अगं, ती गाडी तिथे नाहीये.

… डी नंबरची. ती अतुलची जुनी, पांढरी व्हॉक्सहॉल. ती गेली. सकाळीच दिली त्याने शोरूममध्ये, तिच्या बदल्यात ही आणली. आत्ता तिथे नवीन उभी आहे. पांढरीच आहे, पण नवीन. एल नंबरची. एवढं मोठं एल मला इथून बिनचष्म्याचं दिसतंय.

… पाठ होता. हो. इतके रविवार मी पाठांतर घेत होते.

… नाही. ठेवू नकोस. तू थांब फोनवर. मला कुणीतरी हवंय.

अहो. … अहो, फडकं ठेवा खाली. … ठेवा ना. … समोर कुठली गाडी आहे? … नंबर नाही विचारत, गाडी कुठली आहे? … व्हॉक्सहॉल? … नीट बघून सांगा. … अहो, अतुलची व्हॉक्सहॉल सकाळी गेली. ती टोयोटा आहे. तुमची टोयोटा. तुम्ही सांगितलीत तीच, डर्बीवाली, कॅरिना. सकाळपासून तुमच्यासमोर उभी आहे.

… 

… हो रेखा, सांगितलं.

… बघतायत तिकडे. … चष्मा काढला. पुसला. लावला. … फडक्याने नाही, सदऱ्याने.

… निघाले. रस्ता ओलांडतायत. अहो, जपून. … उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे. शाळेतल्या मुलासारखं. गाडी नाही कुठली. गेले पलीकडे.

… बॉनेटवर हात ठेवलाय. … वाकले. नंबर प्लेटवर बोट फिरवतायत. … रेखा, बोट फिरवून वाचतायत गं.

… नाही, मी रडत नाहीये. कांदा कापला होता मघाशी चिवड्याला.

… हो, माहीत आहे चिवड्यात तळलेला घालतात. आधी कापावाच लागतो ना.

… येतायत परत. थांब. खिडकीपाशी येतायत. अहो, पायात ते बादलीचं… हं. … काय? … हो, एलच.

… मला म्हणतायत, ‘एल आहे.’

… उभे आहेत. … थांब, बोलतायत काहीतरी.

… 

… ‘धागा कधीच तुटला होता, मी माग चालूच ठेवला,’ असं म्हणतायत.

… 

… रेखा, तू रडू नकोस गं. तू तिकडे रडलीस तर मी इथे काय करू. … हो, अण्णांचंच आठवलं असणार. … हो. … ती शाळेपाशीची मुलं… हो, तेच आत्ता विचारतायत मला. किती मुलं होती. … दोन होती, अहो. काही झालं नाही त्यांना. काही नाही झालं.

… किल्ली दिली. खिडकीतून. माझ्या हातात.

… मी म्हटलं, अहो, पण गाडी बंद नाही पडली, प्रतिज्ञा तशी नव्हती. तर म्हणाले, ‘ती नाही पडणार. तिच्यावर सोडून चालायचं नाही.’

… हं. … हं. … तुझ्या हॉस्पिटलात? सोमवारी? थांब, विचारते. अहो, रेखा म्हणते डोळ्यांचे डॉक्टर तिच्या ओळखीचे आहेत, लग्न झालं की सोमवारी दाखवू. मोतीबिंदू असला तर काढता येईल म्हणते. … मान हलवली. … हो, होच म्हणाले. मला तरी होच वाटली.

… आता ते भाड्याच्या गाडीचं मी सांगते. आत्ताच सांगते, आज सगळं एकदम होऊन जाऊ दे. अहो, मंजिरीसाठी रेखाने गाडी ठरवलीय, ड्रायव्हरसकट. … हो. … हो, रिबीन तिला बांधू. … कंपनी कुठली विचारतायत गाडीची. … माहीत नाही? तिला माहीत नाही म्हणते. … काही हरकत नाही म्हणतायत. बघ, एवढं बदलले.

… वाईट वाटलंय गं. दिसतंय ना मला. पण मी त्यांना म्हटलं, मामाचं काम काय असतं? भटजी म्हणतात मामाने मुलीला घेऊन यावं, तेव्हा नवरीचा हात धरून तिला बोहल्यापाशी आणायचं. पायी. त्याला कुठे लायसन्स लागतं? आणि तिचा हात ते धरतील की ती त्यांचा, लांबून कुणाला कळणार आहे?

… हो ना. मंजिरीला सांग तेवढं. घट्ट धर म्हणावं.

… मग उद्या ट्रेनने येतो. किंग्ज क्रॉसवरून. तू तिथे वेव्हर्ली स्टेशनला कुणाला तरी पाठव, खोकं जड आहे. तिकिटं मात्र आजच काढली पाहिजेत, उद्या गर्दी असेल. रीडिंग स्टेशनवर जाऊन… बस आहे ना, सत्रा नंबरची… अहो, कुठे चाललात? … अहो.

… गाडीपाशी गेले. … थांब गं, बघू दे.

… दार उघडलं. … नाही. उजवीकडचं नाही. डावीकडचं उघडलं. बसले. माझ्या जागेवर. बेल्ट लावला. समोर बघत बसलेत, हात मांडीवर ठेवून.

… रेखा, माझ्या जागेवर बसलेत गं ते.

… आहे ना माझं लायसन्स. चौऱ्याऐंशीला पास झाले, तिसऱ्या खेपेला. पर्समध्ये पडून आहे तेव्हापासून. ह्यांचं म्हणणं, टोयोटाला दुसऱ्या हाताची सवय नाही. … स्टेशनपर्यंत येईल मला. मोटरवे कुठे आहे. राउंडअबाउट दोनच. … रिव्हर्स मात्र नीट येत नाही, ड्राइव्हवेतून बाहेर काढायचीय ना. … हे तिथूनच म्हणतायत, मागे बघून मी सांगतो.

… हो ना, त्या डोळ्यांनी. मीही तेच म्हटलं.

… मोदक? … अरे हो, नवस. गाडी तर बंद नाही पडली. … तरी करावेच लागतील म्हणतेस? करीन. एडिनबराला तुझ्याकडेच करीन, नारळ तूच आण.

… हॉर्न वाजतोय ना, ऐकू आला? तेच वाजवतायत. … नाही गं, किल्ली माझ्याकडे आहे. तिचा हॉर्न किल्लीशिवायही वाजतो. पहिल्या झटक्यात.

… ठेवते आता. चपला घालायच्यात. … हो, पोचल्यावर फोन करते. … हो, जपून. … ठेवते गं, खरंच. उशीर केला तर उजवीकडे सरकतील.